एकेचाळीस पोती

मार्केट यार्डात, वजनकाट्याच्या खोलीत
एक जुना संगणक आहे. पिवळा.
मुळात पांढरा होता म्हणतात.
सांगलीत हळद उडते ती की-बोर्डच्या फटीत बसते,
माझ्या नखांत बसते, चहात तर असतेच.

त्यावर पर्लचा एक प्रोग्रॅम चालतो
कुणा मगदूम सरांनी लिहिलेला.
ते आता कुठं असतात ठाऊक नाही.
तीनशे ओळी, आणि टिपण एकच:
हात लावू नये.

मी हात लावला.
फाइलीत एकेचाळीस पोती गोदामात होती,
गोदामात नव्हती,
आणि मालकांची नजर इरगोंडावर होती.

इरगोंडा काट्यावर उभा राहून वजन ओरडतो, मी टाइप करते.
त्याआधी तो हरिपुरात पेवं उघडायचा.
पुरानं पेवं बुजली, तसा इकडं आला.
त्याच्या खिशात एक वही असते,
तिच्यात त्या दिवशीच्या रेघा होत्या,
पाचाच्या आठ जुड्या, वर एक.
पण वहीला कोण विचारतंय.

मी त्याला पडद्यासमोर बसवलं.
म्हटलं, फाइल म्हणजे तुमचं पेवच समजा.
आत काय आहे ते वरून दिसत नाही,
आपल्या हातात फक्त दोर.
त्याला हँडल म्हणतात.
ओढलं की एक ओळ वर येते, पुन्हा ओढलं की दुसरी,
तळ लागला की रिकामाच येतो.
आणि हे बघा, सरांनी काय लिहिलंय:
उघड, नाहीतर मर.

तो हसला नाही.
"खरंच हाय की ते, बाई.
झाकण काढलं की आधी कंदील सोडायचा.
विझला, तर माणसानं उतरायचं न्हाई."
जरा थांबून म्हणाला,
"आमचा बाळगोंडा उतरला हुता."

मग मी ती ओळ बराच वेळ नुसती बघत बसले.
'नाहीतर'च्या जागी सरांनी दोन उभ्या रेघा दिल्यात
आणि कंस द्यायचे राहिलेत.
रेघा चिकटल्यात फाइलच्या नावाला.
म्हणजे पेव उघडलं नाही तरी हा मरत नाही,
गुमान पुढं जातो,
विझलेला कंदील घेऊन.
ते दुरुस्त केलं. पोती काही सापडली नाहीत.

बाण तपासले.
एक बाण असेल तर आधीचं सगळं पुसून लिहितो,
दोन असतील तर खाली जोडत जातो.
दोनच होते.
सरांना मनातल्या मनात नमस्कार केला.

चौथ्या दिवशी इरगोंडाच म्हणाला,
"त्या दुपारी लाइट गेलती न्हवं?"

लाइट.

लिहिलेली ओळ लगेच तळाशी पडत नाही.
प्रोग्रॅम ओंजळीत धरून ठेवतो,
ओंजळ भरली की ओततो
किंवा पेव बंद करताना.
आणि बंद करायची ओळ सरांनी ठेवलेली
पार शेवटी, संध्याकाळी सातला.
तीन वाजून दहा मिनिटांनी पंखा थांबला तेव्हा
एकेचाळीस पोती ओंजळीत होती.
त्यानं ओरडलेली. मी टाइप केलेली.
इस्लामपूरच्या मिलच्या ट्रकात कधीच चढलेली.

मालकांना समजवायला अर्धा तास गेला.
"ते ठीक आहे, पण चोर कोण?"
शेवटी मिलला फोन लावला, पहिल्यांदाच.
तिकडं पोती दळूनसुद्धा झाली होती.
इरगोंडाला कुणी काही बोललं नाही.
चहा मात्र आला, दोघांनाही.

आता प्रत्येक ओळ लिहिली की तिथल्या तिथं ओतते.
जरा हळू चालतं, चालू दे.
सरांच्या टिपणाखाली मी लिहिलंय:
लावला. रेवती.

इरगोंडा अजून वहीत रेघा मारतो.
काल पुन्हा वीज गेली.
अंधारात काट्यावरून त्याचा आवाज आला,
"बाई, बावन्न पॉइंट चार!"
मी चाचपडत पेन शोधला.